सुलतानिया: गवतासाठी वसलेली राजधानी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इराणमधलं सुलतानिया हे इलखानांचं, म्हणजे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल राजांचं, राजधानीचं शहर आठ-दहा वर्षांत उभं राहिलं आणि तितक्याच झटपट नाहीसं झालं, हे कसं? तैमूरने ते उद्ध्वस्त केलं हे खरं का? की मोहम्मद तुघलकाच्या दौलताबादसारखी ही एका राजाची लहर होती? आणि सगळं शहर गेलं, तर उल्जायतू या इलखानाच्या कबरीचा तो प्रचंड घुमट तेवढा कसा राहिला?

मी वास्तुसंवर्धक आहे. विटा आणि चुन्याच्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती करण्यात माझी तीस वर्षं गेली. सुलतानियाला दोनदा जाऊन आले, दुसऱ्या खेपेला आठवडाभर राहिले. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, कारण या शहराबद्दल जे सरसकट लिहिलं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही.

सुरुवात गवतापासून करावी लागेल. तेहरानहून तब्रीझकडे जाताना झंजान शहराच्या अलीकडे एक मोठं मोकळं पठार लागतं, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर. चारी बाजूंना डोंगर दूर दूर सरकलेले, आणि मध्ये सपाट जमीन. बर्फ वितळलं की इथे गवत माजतं. मंगोलांनी या जागेला कोंगकुर-ओलांग म्हटलं, म्हणजे पिंगट कुरण. त्यांची सगळी ताकद घोड्यांवर उभी होती आणि एकेका स्वाराजवळ अनेक घोडी असत. असं सैन्य उन्हाळ्यात बगदादच्या मैदानात ठेवता येत नाही. म्हणून इलखान थंडीत बगदादला किंवा उत्तरेकडच्या अर्रान-मुघानच्या सखल प्रदेशात उतरायचा आणि उन्हाळ्यात वर चढायचा. हिवाळी मुक्काम तो किश्लाक, उन्हाळी मुक्काम तो यायलाक. त्याच्याबरोबर राण्या, अमीर, वजीर, खजिना, कारखाने, बाजार असं सगळंच हलायचं. या चालत्या शहराला म्हणायचं ओर्दू. आपण ज्या भाषेला उर्दू म्हणतो तिचं नाव याच छावणीवरून आलं आहे.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की सुलतानियाचं कोडं बरंचसं सुटतं. ते शहर रिकाम्या माळावर वसवलं, असं म्हणतात. तो माळ रिकामा नव्हताच. दर उन्हाळ्यात तिथे हजारो तंबूंचं शहर आधीच भरत होतं. उल्जायतूने त्यातल्या काही तंबूंच्या जागी विटा आणल्या, इतकंच.

पहिलं पाऊल टाकलं ते त्याचा बाप अर्घून याने (कारकीर्द १२८४ ते १२९१). त्याने इथे कोट घालायला घेतला. हमदुल्ला मुस्तौफी हा काझवीनचा हिशेबनीस. त्याने १३४० मध्ये इराणच्या भूगोलाचा ग्रंथ लिहिला. त्यात तो अर्घूनच्या तटाचा घेर १२,००० पावलं देतो. अर्घून बौद्ध होता आणि किमयेच्या नादी लागलेला होता. हिंदुस्थानातून आलेल्या एका बख्शीने दीर्घायुष्यासाठी त्याला गंधक आणि पारा घातलेलं औषध दिलं. ते त्याने महिनोन्महिने घेतलं आणि आजारी पडून १२९१ मध्ये तो गेला. (मंगोलांकडे बख्शी म्हणजे बौद्ध आचार्य. पुढे त्याचा अर्थ लेखनिक झाला, मग सैन्याचा पगार वाटणारा अधिकारी, आणि शेवटी तो आपल्याकडे बक्षी हे आडनाव होऊन बसला.) अर्घूनला मंगोल रीतीप्रमाणे जवळच्या सोजासच्या डोंगरात गुपचूप पुरलं. वर काही बांधायचं नाही, जागा कुणाला कळू द्यायची नाही, अशी ती रीत.

थोरला मुलगा गाझान याने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि ही रीत मोडली. तब्रीझबाहेर त्याने स्वतःची भव्य कबर बांधली आणि तिच्याभोवती मदरसा, रुग्णालय, वेधशाळा असं सगळं उभारलं. धाकटा उल्जायतू १३०४ मध्ये गादीवर आला. लहानपणी त्याचा बाप्तिस्मा झाला होता, मग तो बौद्ध झाला, मग सुन्नी मुसलमान, आणि १३०९-१० च्या सुमारास शिया. त्याला भावाच्या तोडीचं, खरं तर त्याहून मोठं काही करायचं होतं. बापाने सुरू केलेलं काम त्याने हाती घेतलं, तटाचा घेर ३०,००० पावलांवर न्यायचं ठरवलं आणि १३१३ मध्ये सुलतानिया राजधानी म्हणून जाहीर केली. नावाचा अर्थ सरळ आहे: सुलतानाची नगरी.

आठ-दहा वर्षांत शहर उभं राहिलं त्याचं कारण बांधण्याची पद्धत. आतला किल्ला खुद्द राजाने बांधला. चौरस, प्रत्येक बाजू ५०० गज, घडीव दगडाचा तट, १६ बुरूज, एकच दरवाजा. तटाची रुंदी एवढी की वरून चार स्वार शेजारीशेजारी जाऊ शकत. बाकी शहर त्याने अमीर-वजिरांना वाटून दिलं. रशीदुद्दीन फझलुल्लाह हमदानी हा त्याचा वजीर, वैद्य आणि इतिहासकार. त्याने एका मोहल्ल्यात हजार घरं, मदरसा, रुग्णालय आणि खानका (सूफींचा मठ) बांधली. दुसरा वजीर ताजुद्दीन अली शाह मूळचा व्यापारी, त्याने बाजारपेठ उभारली. राजा बांधतो म्हटल्यावर दरबारात कुणालाही मागे राहून चालत नव्हतं. कारागीर बाहेरून आणले होते आणि भाजलेली वीट मुख्य इमारतींपुरती ठेवली होती. साधी घरं कच्च्या विटांची, म्हणजे जागेवरच्या मातीची. कच्च्या विटेचं घर एका मोसमात उभं राहतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

याच काळातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. शिया झाल्यावर उल्जायतूने हिल्ला गावच्या अल्लामा हिल्ली या मोठ्या विद्वानाला दरबारात आणलं आणि एक फिरता मदरसा काढला. तंबूंचा मदरसा. ओर्दू निघाला की शिक्षक, विद्यार्थी, पुस्तकं सगळं उंटांवर चढायचं. म्हणजे राजधानी जाहीर झाली, घुमट चढला, तरी दरबाराचं विद्यापीठसुद्धा चाकावरच राहिलं.

आता पैसा कुठून आला ते पाहू, कारण शहराचं मरण त्यातच आहे. सुलतानियाला नदी नाही. पाणी विहिरींचं आणि कारेझचं. कारेझ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या उतरत्या बोगद्याने गावापर्यंत आणायची सोय. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आणि बीदरचे कारेझ याच इराणी घराण्यातले. हवा थंड, त्यामुळे शेतीचा मोसम आखूड. धान्य आणि फळं आजूबाजूच्या दिवसभराच्या अंतरावरच्या उबदार भागातून यायची. शहर स्वतःचं पोट स्वतः भरत नव्हतं. ते भरत होता दरबार. राजा जिथे, तिथे महसूल. महसूल जिथे, तिथे अर्जदार, सराफ, कापडवाले, घोड्यांचे व्यापारी. मुस्तौफीने इराणच्या महामार्गांची अंतरं मोजताना सुरुवातच सुलतानियापासून केली आहे. सगळे रस्ते तिथून फुटतात, असं तो मांडतो. तो काझवीनचा, शेजारचाच, हे खरं. पण राज्याच्या हिशेबातही त्या वेळी मध्यबिंदू तिथेच होता.

या रस्त्यांपैकी एक थेट आपल्या कोकणात उतरतो. १३१८ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी सुलतानियात कॅथलिक आर्चबिशपचं पीठ स्थापन केलं, आणि इराणच्या पलीकडचा हिंदुस्थानही त्याच्या कक्षेत धरला. तीन वर्षांनी, एप्रिल १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. ते इराणमार्गेच आले होते. होर्मुझहून जहाजाने कोल्लमला निघाले आणि वाऱ्याने ठाण्याला लागले. त्यांच्याबरोबरचा जॉर्डन कातालानी हा डॉमिनिकन संघाचा धर्मोपदेशक त्या वेळी बाहेरगावी होता, म्हणून वाचला. परत येऊन त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं, आणि त्याच वर्षी ही हकीकत लिहिलेलं त्याचं पत्र तब्रीझ आणि मराघा इथल्या धर्मबांधवांच्या नावे गेलं. पुढे १३२९ मध्ये तो कोल्लमचा बिशप नेमला गेला, तो सुलतानियाच्या आर्चबिशपच्या हाताखाली. नालासोपाऱ्याहून लोकल पकडणाऱ्या माणसाला ते गाव एकेकाळी झंजानच्या पठाराला असं जोडलेलं होतं याची कल्पना नसते. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

उल्जायतू १३१६ मध्ये वारला. वारसदार अबू सईद पोरवयाचा होता. त्याला सुलतानियातच गादीवर बसवलं. १३१८ मध्ये रशीदुद्दीनवर राजाला विष दिल्याचा आरोप ठेवून त्याला ठार मारलं आणि त्याची मालमत्ता लुटली. हजार घरांच्या त्या मोहल्ल्याचा धनीच गेला. १३३५ मध्ये अबू सईद मुलगा नसताना वारला, त्यालाही सुलतानियात आणून पुरलं, आणि इलखानी राज्याचे तुकडे झाले. चुपानी, जलायरी आणि आणखी कितीतरी घराणी तब्रीझसाठी भांडत राहिली.

इथे बहुतेक लेख संपतात, आणि शहरही संपलं असं वाटतं. ते खरं नाही. कास्तिलच्या (आताच्या स्पेनमधल्या) राजाचा वकील, म्हणजे राजदूत, क्लाविहो समरकंदला तैमूरकडे जाताना जून १४०४ मध्ये सुलतानियात थांबला. अबू सईदला जाऊन सत्तर वर्षं झाली होती. क्लाविहो म्हणतो, शहर तब्रीझएवढं मोठं नाही, पण व्यापार तब्रीझहून जास्त. जून ते ऑगस्टमध्ये उंटांचे तांडे येतात. हिंदुस्थानचे मसाले, गिलानचं रेशीम, शिराझकडचं कापड, होर्मुझहून मोती आणि माणकं. जो मसाला अलेक्झांड्रियाच्या बाजारात मिळत नाही तो इथे मिळतो, असंही तो सांगतो. म्हणजे तैमूरने शहर नष्ट केलं ही समजूत चूक आहे. तैमूरच्या घराण्याच्या हातात असताना तिथली पेठ भरत होती. तैमूरने १४०२ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे पत्र धाडलं, तेही सुलतानियाच्याच आर्चबिशपच्या हाती.

मोडतोड झाली ती तैमूरचा मुलगा मीरानशाह याच्या कारभारात. तोच त्या भागाचा सुभेदार. क्लाविहोने ऐकलेली गोष्ट अशी: आपल्याला बापासारखं काही उभारता येत नाही, तर निदान पाडणारा म्हणून नाव राहील, अशा विचाराने त्याने तब्रीझ आणि सुलतानियातल्या इमारती पाडायला लावल्या. गोष्ट चटकदार आहे आणि त्याने पाडापाडी केली यात शंका नाही. पण दोन-चार वाडे पाडल्याने शहर मरत नाही. ज्या वर्षी क्लाविहोने ही गोष्ट ऐकली, त्याच वर्षी तो त्या बाजारात उंट मोजत होता.

शहर गेलं ते हळूहळू, आणि माझ्या मते पाण्याच्या आणि दुरुस्तीच्या बाजूने गेलं. कारेझ बांधून सोडून देता येत नाही. बोगद्यात गाळ साचतो, कमानी ढासळतात. ठरावीक काळाने माणूस आत उतरून तो साफ करतो, आणि त्या माणसाला पैसे कुणीतरी द्यावे लागतात. हे पैसे वक्फच्या गावांच्या उत्पन्नातून किंवा सरकारी खजिन्यातून यायचे. अमीर मेले, वक्फ बळकावले गेले, राजे दुसरीकडे उन्हाळा काढू लागले, की खर्चाला मालक उरत नाही. तब्रीझवर यापेक्षा कितीतरी मोठी संकटं आली, तरी ते पुन्हा पुन्हा उभं राहिलं. त्याला बागा होत्या, शेती होती, आणि काळ्या समुद्राकडे जाणारी स्वतःची व्यापारवाट होती. पुढे इराणवर सफवी घराणं आलं तेव्हा त्यांनी राजधानी आधी तब्रीझला, मग काझवीनला आणि १५९८ मध्ये इस्फहानला नेली. मोठा व्यापार त्यांच्यामागे गेला आणि सुलतानिया वाटेवरचा एक मुक्काम होऊन राहिली.

दौलताबादशी तुलना मला यासाठी पटत नाही. १३२७ मध्ये तुघलकाने जी देवगिरी निवडली ती यादवांची नांदती राजधानी होती, भोवती पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गावं होती. दरबार दिल्लीला परतल्यावरही किल्ला आणि पेठ टिकली, पुढे बहामनी आणि निझामशाहीनेही ती वापरली. सुलतानियाच्या भोवती असं काही नव्हतं. तिथे होतं ते गवत, आणि गवताचा उपयोग घोडदळ बाळगणाऱ्या राजालाच.

याचा पडताळा दोनदा मिळतो. १५३४ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतान सुलेमानचं सैन्य या पठारावर आलं आणि अवेळी पडलेल्या बर्फात सापडून त्याचे हाल झाले. थंडीत ही जागा काय असते, हे त्यावरून कळावं. त्या मोहिमेबरोबर असलेल्या मत्राकची नसूहने सुलतानियाचं चित्र काढून ठेवलं आहे. त्यात किल्ल्याचा तट आणि घुमट स्पष्ट दिसतात. दुसरा पडताळा एकोणिसाव्या शतकातला. काजार राजा फतहअली शाह याला रशियाशी लढायला सैन्य जमवायचं होतं. उन्हाळ्यात छावणी टाकायला त्याने नेमकं हेच कुरण निवडलं, जुन्या अवशेषांचं सामान वापरून वाडा बांधला, नवं शहर वसवायचाही घाट घातला. पाचशे वर्षांनी तेच कारण, तीच जागा. आणि राजांचं येणं थांबलं तसं तेही गेलं.

मग शहराचं सामान कुठे गेलं? कच्च्या विटेच्या घरावर दरवर्षी लिंपण चढलं नाही तर पाऊस आणि बर्फ मिळून थोड्याच वर्षांत त्याचा ढिगारा करतात, आणि पुढे त्यात नांगर चालतो. भाजलेली वीट शेजारच्या गावांत जाते. घडीव दगड तर सगळ्यांनाच हवा असतो. आज किल्ल्याच्या तटाचे खालचे थर आणि बुरुजांचे बुंधे उत्खननाने उघडे झाले आहेत. दगड हिरवट रंगाचा, सांधे इतके बारीक की नखसुद्धा शिरत नाही. वरचे थर कुठे गेले ते पाहायला लांब जावं लागत नाही, असं मला तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने गावाकडे हात करून सांगितलं.

घुमट राहिला त्याची दोन कारणं. एक, ती कबर आहे, आणि कबरीला हात लावताना माणूस विचार करतो. दुसरं, ती बांधलीच आहे तशी. आतून सुमारे २५ मीटर रुंदीचा, जमिनीपासून साधारण ५० मीटर उंचीचा विटांचा घुमट अष्टकोनी इमारतीवर बसवला आहे. घुमट खाली दाबतो तसा बाहेरही ढकलतो, आणि तो रेटा पेलला नाही तर भिंती फाटतात. इथे भिंती अतिशय जाड आहेत, आणि अष्टकोनाच्या आठही कोपऱ्यांवर एकेक मिनार आहे. मिनारांच्या वजनाने तो बाहेरचा रेटा खाली वळतो. आज मिनारांचे शेंडे मोडलेले आहेत, पण बुंधे आपलं काम करत आहेत. घुमटाला दोन कवचं आहेत, मध्ये पोकळी, आणि ती विटांच्या फासळ्यांनी एकमेकांना बांधलेली. त्यामुळे जाडी मिळते पण वजन वाढत नाही. इराणमध्ये आज उभ्या असलेल्या दुहेरी घुमटांतल्या सगळ्यात जुन्यांपैकी हा एक. १९७० च्या दशकात फ्लॉरेन्सच्या मंडळींनी इथे दुरुस्तीचं काम केलं, तेव्हा त्यांना आपल्या शहरातल्या कॅथेड्रलच्या, १४३६ मध्ये पुऱ्या झालेल्या घुमटाची आठवण झाली आणि एकाची कल्पना दुसरीकडे पोचली असावी असं मत मांडलं गेलं. साम्य आहे. पण ओळख पटवणारा कागद नाही, आणि विटेचा मोठा घुमट हलका करायचा तर शहाणा गवंडी कुठेही याच वाटेला येईल, असं मला वाटतं. २००५ मध्ये युनेस्कोने ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत घेतली. घुमटाची निळी टाइल आज दिसते ती बरीचशी अलीकडे पुन्हा बसवलेली आहे.

शियापंथी झाल्यावर उल्जायतूला हजरत अली आणि इमाम हुसेन यांचे अवशेष इथे आणायचे होते आणि त्यासाठीच ही इमारत होती, असं गाइड सांगतात. ही कथा नंतरच्या काळातली आहे. भावाची कबर तब्रीझला उभी असताना उल्जायतूला स्वतःसाठी कबर बांधायला दुसऱ्या कारणाची गरज नव्हती.

जाणार असाल तर थेट घुमटाखाली उभं राहून मान मोडून घेऊ नका. आधी जिन्याने वरच्या सज्जात जा. तिथे बाहेरच्या बाजूला, कमानींच्या छतांत, २४ नक्षीदार चौकटी आहेत. लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगांतलं गिलाव्याचं काम, प्रत्येक चौकटीची नक्षी वेगळी, जणू त्या काळच्या कुराणाच्या हस्तलिखिताची पानं छताला डकवली आहेत. मग आत वळा आणि भिंतीकडे अगदी जवळून पाहा. ही इमारत आतून दोनदा सजवलेली आहे. आधी विटा आणि रंगीत टाइल, आणि उल्जायतूच्याच हयातीत त्यावर पांढरा गिलावा चढवून रंगकाम. एका ठिकाणी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा गिलावा सुटला आहे. त्याच्या कडेला टोच्याच्या खुणा आहेत, नवा गिलावा धरावा म्हणून जुन्या भिंतीला मारलेल्या. आणि खुणांच्या मध्ये निळ्या टाइलचा तुकडा आहे, सातशे वर्षं अंधारात राहिल्यामुळे अजून ओला वाटावा इतका ताजा.